मोटरहोमने लॅपलँडच्या तळ्यांकडे: कोल्हापुरातून पहिल्यांदाच निघणाऱ्या मित्रमंडळींसाठी

लॅपलँडला, म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागात, मोटरहोमने (झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) जायचं ठरलं की ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो, "एकूण किलोमीटर किती?" पाठोपाठ कुणीतरी नकाशावर बोट ओढत नॉर्वेच्या टोकापर्यंत जातो आणि येताना स्वीडनही उरकू म्हणतो. हा बेत तिथल्या तिथे मोडून काढा. उत्तरेच्या तळ्यांकडे जायचं ते एकेका काठावर दोन-तीन रात्री निवांत राहायला. रोज चारशे किलोमीटर कापले तर पाईन आणि बर्चची झाडं तेवढी दिसतात, तीही काचेतून. गाडी कमी चालवा, थांबा जास्त. खालचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आता जायचं कुठे ते. फिनलंडमध्ये लहानमोठी मिळून सुमारे १ लाख ८८ हजार तळी आहेत. दक्षिणेतलं साइमा सगळ्यांत मोठं, पण तिथे काठाकाठाने उन्हाळी घरं आणि बोटींची वर्दळ असते. खरोखर निर्जन पाणी बघायचं तर आर्क्टिक सर्कल ओलांडून इनारी गाठायचं. क्षेत्रफळ सुमारे १,०४० चौरस किलोमीटर, बेटं ३,००० हून जास्त, आणि त्याचं पाणी वाहत जातं ते थेट उत्तरेला, बॅरेंट्स समुद्राकडे. रोव्हानिएमी हे शहर आर्क्टिक सर्कलच्या जरा खाली आहे. तिथून सोदानकुला, सारिसेल्का, इव्हालो करत इनारी गाव सव्वातीनशे किलोमीटरवर येतं. हेलसिंकीहून गाडी घेतलीत तर रोव्हानिएमीपर्यंतच आठशेच्या वर किलोमीटर जातात. म्हणून नवख्यांनी विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने रोव्हानिएमी गाठावं आणि गाडी तिथेच ताब्यात घ्यावी.

महिना कोणता?

जूनच्या सुरुवातीला इनारीवर बर्फाचे तुकडे तरंगत असू शकतात. जून-जुलैत मध्यरात्रीचा सूर्य दिसतो, हवा छान असते, पण साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत डासांचा कहर असतो. आपल्याकडच्या डासांची सवय आहे म्हणून छाती काढू नका. हे डास दिवसाढवळ्या ढगासारखे येतात आणि जीन्सवरूनही चावतात. त्या काळात जायचंच असेल तर डोक्यावर घालायची जाळी आणि तिथल्याच दुकानातलं डासांचं औषध घ्या.

माझी पसंती ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य. डास सरलेले असतात, बर्चची पानं पिवळी-लाल व्हायला लागतात, रात्र परत काळी होते आणि आकाश मोकळं असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. भाडंही जुलैपेक्षा उतरलेलं असतं. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो आणि सप्टेंबर सरत आला की बऱ्याच कॅम्पसाईट बंद होतात. कोल्हापूरकरांसाठी आणखी एक: त्या वर्षी गणपती कधी बसतात ते तिकीट काढायच्या आधी बघा. तालमीचा कार्यकर्ता ऐन मिरवणुकीच्या आठवड्यात लॅपलँडला येणार नाही, आणि आलाच तर त्याचं सगळं लक्ष इकडे फोनमध्ये असेल.

माणसं आणि कामं

चौघं सगळ्यांत बरे. सहा जण झोपतील अशी गाडी मिळते, पण जाहिरातीत दिलेला आकडा झोपायच्या जागांचा असतो. सीटबेल्ट किती आहेत ते वेगळं विचारा. फिनलंडमध्ये पट्ट्याशिवाय कुणालाही बसता येत नाही, मागच्या पलंगावर लोळत प्रवास करायचा विषयच नाही. दुसरी अडचण वजनाची. साध्या कार लायसन्सवर एकूण ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि मोटरहोम रिकामं असतानाच तीन हजारांच्या घरात जातं. उरलेल्या वजनात माणसं, बॅगा, किराणा आणि पाणी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. सहा दणकट गडी बसले की गणित चुकलंच.

कोल्हापुरातून निघण्याआधी एका संध्याकाळी बसून कामं वाटून घ्या. गाडी चालवणारे दोघे, दोघांचीही नावं भाडेकरारात घातलेली. एक जण खजिनदार. सगळ्यांनी काँट्री आधीच त्याच्याकडे द्यायची. एक जण पाणी, गॅस आणि संडासाची टाकी बघणारा, आणि हे काम दर दोन दिवसांनी फिरतं ठेवायचं. एकाच्याच गळ्यात ते पडलं तर तिसऱ्या दिवशी मैत्रीत कुरबुर सुरू होते. "आज कुणाचा नंबर?" हा प्रश्न रोज सकाळी उठायला नको, म्हणून कागदावर लिहून गाडीच्या कपाटाला चिकटवून टाका.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून मागे राहू नका. प्रौढांसाठी फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा. हॉटेलचं बुकिंग नसल्यामुळे मोटरहोमचा करार, निदान काही कॅम्पसाईटची बुकिंग आणि कुठल्या रात्री कुठे याचा तक्ता जोडा.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतूनच मिळतं. अर्ज ऑनलाइन करायचा, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत ठेवायचं. नुसतं परमिट चालत नाही. बऱ्याच भाडे कंपन्या चालकाचं वय आणि लायसन्स किती वर्षं जुनं आहे हे बघतात, ते बुकिंगआधी विचारून घ्या.

राधानगरीला रंगीत तालीम

हा टप्पा कुणी गांभीर्याने घेत नाही. माझं ऐकाल तर हाच सोडू नका. थंडीत एखाद्या शनिवारी त्याच चौघांनी राधानगरीच्या बाजूला ओळखीच्या शेतावर, मालकाला विचारून, एक रात्र आणि एक दिवस काढायचा. अट एकच: प्यायला, स्वयंपाकाला, भांड्यांना आणि अंघोळीला मिळून चौघांत वीस-वीस लिटरचे दोन कॅन. शेगडी एक, कुकर एक. सकाळी नळ सोडून दात घासणारा कोण, मध्यरात्रीपर्यंत गाणी लावणारा कोण, भांडी घासायच्या वेळी फोनवर बोलायला जाणारा कोण, हे सगळं तिथेच कळतं. ते लॅपलँडमध्ये कळण्यापेक्षा राधानगरीत कळलेलं केव्हाही चांगलं.

जमलं तर एखाद्याची पिकअप किंवा मोठी व्हॅन घेऊन नुसत्या बाजूच्या आरशांवर मागे घ्यायचा सराव करा. मोटरहोमला आतला आरसा जवळजवळ निकामी असतो. मागचा भाग चाकांच्या बराच मागे असतो, त्यामुळे वळताना तो बाहेर झुकतो आणि शेजारच्या खांबाला लागतो.

बॅगेत काय, आणि काय नाही

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे सुकं मटण नाही, पेढे-बर्फी नाही आणि तूपही नाही. ताजा कढीपत्ता, फळं, भाज्याही घरीच ठेवा. कांदा-लसूण मसाला, तूरडाळ, पोहे, गूळ, भडंग, शेंगदाण्याची चटणी हे सगळं जातं. मसाला दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर बॅगेतल्या स्वेटरांना महिनाभर वास राहतो. तुपाची सोय सोपी आहे: तिथलं बिनमिठाचं लोणी उत्तम असतं, गाडीतच मंद आचेवर कढवलं की झालं. तीन लिटरचा कुकर इथून न्या. गाडीतल्या शेगडीचे बर्नर लहान असतात, उघड्या भांड्यात डाळ शिजवत बसलात तर गॅस संपेल.

फोडणीच्या वेळी छताची खिडकी आधी उघडा. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला की धुराचा अलार्म वाजतो आणि एवढ्याशा जागेत तो कान बधिर करतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची अक्कल मात्र कुणीही चालवू नये. बंद गाडीत गॅसवर हीटर आणि शेगडी चालते. तो अलार्म जीव वाचवायला बसवलेला आहे.

किराणा रोव्हानिएमीत भरा. पुढे सोदानकुला आणि इव्हालोत मोठी दुकानं आहेत, इनारी गावातही सोय आहे, पण मधल्या पट्ट्यात तास-तास काही लागत नाही.

गाडी ताब्यात घेताना

कंपनीचा माणूस अर्धा-पाऊण तास सगळं समजावतो. त्यावेळी एकाने फोनवर पूर्ण व्हिडिओ काढायचा. रात्री हीटर सुरू होत नसेल तेव्हा तोच उपयोगी पडतो. बाहेरून गाडीच्या चारही बाजूंचे आणि छताच्या कडांचे फोटो काढा.

मग गाडीच्या कडेची झाकणं नीट बघून घ्या. एक डिझेलचं. एक निळं, ॲडब्लूचं. हे द्रव एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करायला लागतं. एक पिण्याच्या पाण्याचं. या तिघांत अदलाबदल झाली तर सहल तिथेच संपते. ॲडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं तर इंजिन सुरूही करायचं नाही. म्हणून भरताना दोघांनी मिळून बघायचं आणि मोठ्याने बोलायचं: "हे डिझेल, बरोबर?" पोरकट वाटेल, पण करा.

फ्रीज बहुतेक गाड्यांत तीन प्रकारे चालतो: गाडी चालू असताना बॅटरीवर, कॅम्पसाईटवर विजेवर, एरवी गॅसवर. यातले बरेच फ्रीज गाडी सपाट उभी नसेल तर नीट गार करत नाहीत. त्यासाठी चाकांखाली घालायच्या प्लास्टिकच्या पाचरी गाडीत असतात. गॅस प्रोपेन आहे ना ते विचारा. आपल्या घरगुती सिलिंडरात प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहतो, शेगडीपर्यंत येत नाही. प्रोपेन उणे ४० च्या थंडीतही येत राहतो.

रस्त्यावर

गाडी उजवीकडून. हेडलाइट दिवसाही चालू. गावाबाहेर फलक नसेल तर ८०, गावात ५०. वेगमर्यादा २० किलोमीटरपेक्षा जास्त ओलांडली तर दंड तुमच्या उत्पन्नावर ठरतो, तेव्हा घाई महागात पडते. दारूची मर्यादा रक्तात हजारी अर्धा भाग आहे. चालवणाऱ्याने शून्यच धरावी. बरेच पंप बिनमाणसांचे असतात, कार्डाचा पिन टाकावा लागतो आणि डिझेल भरण्याआधी कार्डावर मोठी रक्कम अडकवली जाते. यूपीआयच्या सवयीने कार्डाचा पिन विसरलेले लोक मी पाहिले आहेत. आधी पाठ करा.

खरी काळजी रेनडिअरची. देशाच्या उत्तरेच्या मोठ्या पट्ट्यात ते मोकळे फिरतात आणि त्यांना रस्ता आवडतो, कारण तिथे वारा असतो आणि डास कमी. वळण संपतं आणि समोर डांबरावर सात-आठ जनावरं उभी असतात, शिंगांवर मखमल, एखादं पिल्लू मधल्या पांढऱ्या रेषेवरच. हॉर्नला ती दाद देत नाहीत. दाजीपूरच्या वाटेवर गवा आडवा आला की आपण जसे मुकाट थांबतो तसंच थांबायचं, मागच्या गाडीसाठी धोक्याचे दिवे लावायचे. थांबलातच तर खिडकी खाली करा. कळप चालायला लागला की टक-टक-टक असा बारीक आवाज येतो. तो खुरांचा नाही, पायातले स्नायुबंध हाडावरून सरकताना होतो. आणि कळप पुढे गेला म्हणून लगेच गाडी दामटू नका. मागून एखादं राहिलेलं असतंच.

यातलं एकही जनावर रानटी नाही, प्रत्येकाला मालक आहे. धडक बसलीच तर ११२ ला कळवणं बंधनकारक आहे. ११२ चं फिनिश ॲप आधीच फोनमध्ये घ्या. त्यातून कॉल केला की तुमचं ठिकाण आपोआप कळतं. नकाशेही ऑफलाइन उतरवून ठेवा.

जून-जुलैत अंधार पडत नाही, त्यामुळे "अजून उजेड आहे, जाऊ की पुढं" म्हणत लोक रात्री अकरापर्यंत चालवतात. घड्याळात चार वाजले की मुक्काम, हा नियम करा.

मुक्काम कुठे

फिनलंडमध्ये 'प्रत्येकाचा हक्क' म्हणून एक सुंदर रीत आहे. जमीन कुणाचीही असो, घराचं अंगण आणि पिकाची शेतं सोडून तुम्ही चालू शकता, पोहू शकता, होडी वल्हवू शकता, ब्लूबेरी आणि मशरूम वेचू शकता, एखाद-दुसरी रात्र तंबू लावू शकता. पण हा हक्क माणसाला आहे, गाडीला नाही. मोटरहोम रस्ता सोडून रानात किंवा तळ्याच्या काठावर घालायची तर मालकाची परवानगी हवी. आणि उघड्यावर जाळ करायलाही. नवख्यांचा घोळ नेमका इथेच होतो.

म्हणून पहिल्या वेळी दोन रात्री कॅम्पसाईट, एक रात्र परवानगी असलेल्या साध्या पार्किंगला, अशी विभागणी ठेवा. कॅम्पसाईटवर वीज, गरम पाणी, धुलाई, स्वयंपाकघर आणि बहुधा तळ्याकाठी सौना (घाम काढायची गरम वाफेची खोली) असतो. जाळ करायची हौस सरकारी वनसंस्थेने बांधलेल्या चुलींवर भागते. ट्रेकच्या वाटांवर अशा जागा असतात, शेजारी लाकडांची खोप आणि कुऱ्हाड. लागतील तेवढीच फोडायची, गाडीत भरून न्यायची नाहीत. वणव्याचा इशारा जाहीर असेल तर उघडा जाळ बंद, मग कितीही थंडी असो.

पहिल्या सहलीला मी असा क्रम सुचवेन: रोव्हानिएमीत खरेदी आणि एक रात्र, सारिसेल्काला दोन, इनारीला निदान तीन, लेमेनयोकीला दोन, मग परतीला मध्ये एक. इनारीत सीदा हे सामी लोकांचं संग्रहालय आहे. सामी म्हणजे इथले मूळ रहिवासी. ते पहिल्याच दिवशी बघा, कारण त्यानंतर तळं, रेनडिअर आणि बेटं वेगळ्या नजरेने दिसतात. वाटांची ताजी माहितीही तिथेच मिळते. गावातून पिएलपायार्वीच्या जुन्या लाकडी चर्चपर्यंत रानातून चालत जाता येतं, जाऊन-येऊन अर्धा दिवस. लेमेनयोकी हे फिनलंडचं सगळ्यांत मोठं राष्ट्रीय उद्यान, २,८०० चौरस किलोमीटरच्या वर. तिथे नदीतून लांब होड्या जातात. सामी घरांचे, माणसांचे फोटो विचारूनच काढा.

पाणी आणि संडास

स्वच्छ बोलू. संडासाची टाकी वीस लिटरच्या आसपास असते. चौघांत ती दोन दिवसांत भरते, आणि आपल्या सवयीने पाणी वापरलं तर एकाच दिवसात. त्यामुळे सकाळचं काम कॅम्पसाईटवर किंवा पंपावर उरकायचं. गाडीतला संडास रात्री-अपरात्रीसाठी. आनंदाची गोष्ट अशी की फिनलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी कमोडशेजारी हाताचा फवारा असतो.

टाकी फक्त ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची. बाहेरचं दार उघडून टाकी ओढायची, चाकांवर ढकलत न्यायची, ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं म्हणजे उडत नाही, दोनदा विसळायची, औषध आणि थोडं पाणी घालून परत बसवायची. पाच मिनिटांचं काम. हातमोजे लागतातच. भांड्यांचं खरकटं पाणीही त्याच ठिकाणी सोडतात, वाटेत झाडाखाली नाही.

अंघोळीला गाडीतला बॉयलर लहान असतो, पहिल्या गड्याचं डोकं धुऊन झालं की दुसऱ्याला गार पाणी. घडीची बादली आणि एक तांब्या न्या. तांब्याने अंघोळ करणाऱ्या माणसाला मोटरहोममध्ये पाणी कधी कमी पडत नाही.

तळ्यावर

पंचगंगेत लहानपणापासून पोहणाऱ्यांना इथे जास्त सांगावं लागतं. इनारीचं पाणी ऐन जुलैतही गार असतं. उडी मारली की श्वास अडकतो, हातपाय काही मिनिटांत जड होतात. सौनातून निघून काठाच्या शिडीवरून हळूहळू उतरा, एक डुबकी, परत वर. एकट्याने कधीच नाही.

होडी भाड्याने मिळते. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट होडीत असायलाच हवं, आणि ते अंगात घाला, पायाखाली ठेवू नका. मोठ्या पाण्यावर वारा फिरला की लाटा पटकन उठतात, म्हणून पहिल्या दिवशी काठ नजरेआड होऊ देऊ नका. साध्या गळाने मासेमारीला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. रीळ आणि चमचा (माशाला भुलवणारा चकचकीत धातूचा गळ) वापरायचा तर सरकारी शुल्क भरावं लागतं.

संध्याकाळी स्पीकर लावू नका. पाण्यावरून आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो, आणि तिकडे कुणीतरी शांततेसाठीच आलेलं असतं. एक तास चौघांनी न बोलता बसून बघा. लून पक्ष्याची लांब हाक ऐकू आली तर कुणीही "रेकॉर्ड कर, रेकॉर्ड कर" म्हणू नये.

गाडी परत देताना

शेवटची रात्र रोव्हानिएमीजवळच्या कॅम्पसाईटवर काढा. तिथे संडासाची टाकी आणि खरकट्या पाण्याची टाकी रिकामी करा, आत झाडू मारा, डिझेल भरून पावती जपून ठेवा. हे बाकी राहिलं तर सफाईचे पैसे कापतात, आणि ते थोडे नसतात. परत देण्याची वेळ करारात सकाळची असेल तर तासभर आधी पोचा. पहिल्या दिवशीचे फोटो हाताशी ठेवून कंपनीच्या माणसासोबत गाडीभोवती एक फेरी मारा आणि 'ओरखडे नाहीत' असं लिहून सही घ्या. डिपॉझिट कार्डवर यायला काही दिवस लागतात. खजिनदाराने काँट्रीचा हिशेब तोवर बंद करू नये.